पुसलेला लेप

तिचं नाव मी विचारलं नाही. तिचा अंगठा मात्र अजून आठवतो.

काजूच्या बागेत मला गोचीड चावली आणि काही महिन्यांनी गुडघा सुजला. डॉक्टरांनी गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचं निदान करून गोळ्या दिल्या, पण सूज लगेच उतरेना. मला कुठला एवढा धीर! गोळ्या अर्ध्यावर सोडून मी डिचोलीहून पेडण्याला, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या त्या बाईकडे गेले.

ती पैसे घेत नव्हती, पाल्याचं नावही सांगत नव्हती. नाव सांगितलं की गुण जातो म्हणे. अंगठ्याने लेप लावता लावता तिने विचारलं, "गोळ्यो संपल्यो मगे?"

"सोडल्या. दोन्ही एकदम कशाला?"

अंगठा थांबला. तिने पदराने सगळा लेप खसाखसा पुसून काढला. मला संतापच आला.

"लेप दुखण्याक, बाय. रोगाक गोळी. आधी डॉक्टराकडे जा."

"पण तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात!"

"माझो घोव पण असोच म्हणी, गोळ्यो सोडून बसलो," ती म्हणाली आणि तिने आतल्या खोलीकडे पाहिलं.

तिथे खाटेवर तिच्या नवऱ्याने कण्हत कूस बदलली.