वॉटरटाइट दाराचं रबर

"आधीच्या मालात असं काही नव्हतं ना, काका?" नौदलाच्या मॅडमनी विचारलं. मी म्हणालो, "नाही मॅडम." ते खोटं होतं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

चिकलठाण्यातल्या रबर पार्ट्सच्या कारखान्यात मी क्वालिटी बघतो. युद्धनौकेच्या वॉटरटाइट दाराला कडेनं रबराची पट्टी असते. दार लावलं की पाणी पलीकडे जात नाही. टेस्ट सोपी. पट्टी चौकटीत बसवायची, हातपंपानं पाणी दाबायचं, तासभर गेजचा काटा हलता कामा नये. आमची पद्धत अशी, की काटा चढला की तपासणीच्या साहेबांना नान-कलिया खायला न्यायचं. त्यांच्या मागं काटा उतरलाच, तर ऑपरेटर पंप मारून पुन्हा चढवून ठेवायचा.

त्या आठवड्यात लढाई पेटली होती. जहाज निघायचं होतं, पट्ट्या तातडीनं हव्या होत्या, म्हणून जहाजावरच्या इंजिनिअर मॅडम स्वतः आल्या. माझ्या पुतणीच्या वयाच्या. मूळच्या इकडच्याच, पाचोडच्या निघाल्या. मालक खूश. जेवणाला नाही म्हणाल्या, तर म्हणे पैठणला गाडी पाठवतो, पैठण्या बघून या.

"शेठ, पैठणी नेसून इंजिनरूमात शिरता येत नाय," असं म्हणून त्यांनी क्रेट पालथा केला आणि गेजसमोर बसल्या.

तासभर बघण्यासारखं काही नसतं, असं मी सुचवून पाहिलं.

"पाणी शिरलं की ते दार लावायचा हुकूम मी देते, काका. आत माझी माणसं राहिली असली तरी. मी आत असले, तर दुसरं कुणी देईल. मग बघायला नको?"

आवाज जराही चढला नाही. बाजारात भाव सांगावा तसं बोलल्या. शॉपमधली पोरं मशीन सोडून बघत राहिली. माझ्या अंगावर काटा आला.

गेजचा काटा मात्र उतरला. पट्टीची टोकं चिकटवतात, त्या जोडातून थेंब येत होता. त्या रागावल्या नाहीत. समोर बसून सगळे जोड नव्यानं करून घेतले, टेस्ट पाहिली, माल गाडीत घातला. निघताना तो प्रश्न विचारला. आधीचा माल त्यांच्याच जहाजावर, खालच्या डेकला लागलेला होता. मालक माझ्यामागं उभे होते.

लढाई थांबेपर्यंत रोज पेपरात त्या जहाजाचं नाव शोधत होतो. जहाज सुखरूप परतलं. मग मालकांच्या मागं लागून जुन्या पट्ट्या 'सुधारित माल' म्हणून बदलून दिल्या. मॅडमचा मेसेज आला, 'आठवणीनं बदलून दिलंत, काका. लई उपकार झाले.'

आता आमच्याकडं जेवण टेस्टनंतर असतं. धडा म्हणाल तर एवढाच.

मॅडमना मात्र मी अजून एक उत्तर देणं लागतो : होतं.