गुऱ्हाळावरची हाक

काकवीची बाटली उघडली की आधी चुलवाणाचा धूर नाकात शिरतो, गोडवा मागून येतो. मग लग्नानंतरच्या पहिल्या हंगामातलं, मुरगूडजवळचं चुलतसासऱ्यांचं गुऱ्हाळ डोळ्यांपुढे उभं राहतं.

बांधाच्या भांडणापासून ते आणि माझे सासरे, म्हणजे मामंजी, एकमेकांशी बोलत नव्हते. तरी "सुनेला गुऱ्हाळ दावून आणतो" म्हणत मामंजी मला घेऊन निघाले. गुऱ्हाळावर आलेल्याला चव दिल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही, वैऱ्यालासुद्धा. काहिलीत रस रटरटत होता. आम्ही लांब उंबराखाली उभे राहिलो, तशी गडीमाणसं एकमेकांकडे बघू लागली.

वाफेआडून चुलतसासरे ओरडले, "पावणं, लांब का हुबं ऱ्हायलासा? चव घ्या की!"

सख्ख्या भावाला पावणं! मी आतल्या आत पेटले. मामंजींनी मात्र पळसाच्या पानावरची काकवी निवूसुद्धा दिली नाही. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं, तरी पान चाटूनपुसून साफ केलं.

वाटेत मला राहवेना. "परक्यासारखं बोलले तुम्हाला," मी म्हणाले.

"हाक तर मारली की त्यानं," मामंजी म्हणाले.

तेव्हा मला त्यांचाच राग आला होता. आता माझी धाकटी बहीण माझ्याशी बोलत नाही. परवा मी तिच्या दारावरून उगीचच दोनदा गेले.