कपाळावरचं गोंदण

नळदुर्गच्या बसस्थानकासमोर धम्मपालचा फोटो स्टुडिओ पंचवीस वर्षं उभा आहे. या काळात गावातले फोटो हजारपटीने वाढले आणि गिऱ्हाइकं पासपोर्ट साइजपुरती उरली. घरात कुणी वारलं, की लोक फोनमधला एखादा फोटो घेऊन येतात आणि फ्रेमसाठी त्यातून माणूस बाहेर काढायला सांगतात.

भिमाबाई मात्र जिवंतपणीच आल्या. सोबत मुलगा बुद्धघोष.

"थोरली बहीण वारली, तिच्या पुण्यानुमोदनाला गेलते," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा फोटो! म्होरं बसले, पर रडूच यीना. कपाळावरचं गोंदणच न्हाय, तर ती माजी बहीण कशावरनं? माजं तसं नगं व्हाया."

तो फोटो बुद्धघोषनेच काढला होता, अंधाऱ्या घरात. "एकशे आठ मेगापिक्सल हाय, दादा," तो म्हणाला. "तुमचा कॅमेरा?"

"बारा."

बुद्धघोष सभ्य होता. नुसता हसला.

"फोनातला उजेड टिपणारा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा," धम्मपाल म्हणाला. "दोन गुंठ्यांत एकशे आठ वाटेकरी बसवले, तर एकेकाच्या वाट्याला ऊन किती येणार? उजेड कमी पडला की फोटोत दाणे उठतात. फोन ते पुसत बसतो, अन् गोंदण बी दाणाच समजून पुसतो."

भावकीच्या वाटण्या पाहिलेल्या बुद्धघोषला हे चटकन पटलं. "मग मावशीचं नाक कशानं फुगलं?"

"तू पार तोंडापाशी गेलास. फोनची लेन्स रुंद. जे म्होरं असतं ते मोठं दिसतं."

धम्मपालने भिमाबाईंना दारातल्या उजेडात बसवलं, लांब पल्ल्याची लेन्स लावली आणि स्वतः मागच्या भिंतीला टेकला.

कॉम्प्युटरवर चेहरा उमटला. गोंदणाचे पाचही ठिपके सुटे मोजता येत होते. सुरकुत्याही.

"थोड्या कमी करू, मावशी?" सवयीने त्याचा हात माऊसकडे गेलाच होता.

"अन् वळखायचं कशावरनं? ऱ्हाऊ दे."

फ्रेम त्यांनी घरी दारासमोरच्या भिंतीवर लावून घेतली. आठवडाभर येणारा-जाणारा उंबऱ्यातच थबकायचा आणि बुद्धघोषला हळू आवाजात विचारायचा, "कधी झालं?"

आतून भिमाबाई चहा घेऊन यायच्या. आपल्याला सगळे ओळखतात, याची त्यांची खात्री पटत चालली होती.