उसाच्या फडापर्यंत पोहोचणारा प्रश्न

तापल्या लोखंडाचा उग्र, किंचित गोडसर दर्प नाकात शिरला, की मला अजून माझ्याच तारुण्याचं हसू येतं. बालाघाटाच्या कडेला आमची आयटीआय. तिथं मी वेल्डिंग शिकवायची. उत्तीर्ण झालेली मुलं पुढं काय करतात हे जाणून घ्यावं, असा उदात्त विचार एकदा मला सुचला आणि मी घरोघर पत्रं धाडली: ‘आपली सद्यःस्थिती सविस्तर कळवावी.’ केव्हा? तर दिवाळी सरल्यावर! गावंच्या गावं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली, दारांना कुलपं, आणि या विदुषीनं निष्कर्ष काढला की मुलं कृतघ्न आहेत. काय तो रुबाब अन् काय ते अगाध अज्ञान!

यंदा मात्र हसून भागेना. माजी विद्यार्थी कामाला लागल्याचं दाखवता आलं नाही तर वेल्डिंगचा वर्ग बंद होणार, असा निरोप संस्थेतून आला. निवृत्त झाले म्हणून काय झालं? ज्या ठिणग्यांच्या उजेडात माझी हयात सरली, त्या माझ्या डोळ्यांदेखत विझू देईन होय? संगणक शिकलेल्या नातीला, रुचाला, मी वेठीला धरलं. तिनं मोबाइलवर देखणी प्रश्नावली रचली. पासवर्ड काय, ओटीपी काय! म्हटलं, “पोरी, डोक्यावर उसाची मोळी असलेल्या माणसानं हे कुठल्या हातानं भरायचं?”

“मग तूच कर की, आजी!” ती फणकारली.

केलं. युक्ती माझी, जोडणी रुचाची. नुसता मिस्ड कॉल द्यायचा. यंत्र उलट फोन करतं आणि माझ्याच आवाजात विचारतं, ‘बाळा, कुठं हायस? काय काम करतूस?’ उत्तर बोलायचं, लिहायचं नाही. फोन शेजाऱ्याचा असला तरी चालेल. माणसाचा माग काढायचा तर आधी त्याचे ऋतू ठाऊक हवेत, हे उमगायला मला म्हातारपण यावं लागलं! ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना गाठून, वर्ग बंद पडणार हे सांगून, गोड बोलून, प्रसंगी दटावून तो नंबर तळातळावर पोहोचवला. मग कितीतरी दिवस एकही फोन आला नाही. रुचा हळहळली, मी हटले नाही.

परवा पहिला आवाज आला. माझ्या शेवटच्या तुकडीतली संगीता; मी निवृत्त झाल्याचं तिच्या कानी गेलं नसावं. मागं ट्रॅक्टरची घरघर. रुचानं तो पुन्हा पुन्हा लावला:

“बाई, मी संगीता. आमी हितं कारखान्यावर हाव. ह्ये ऊस तोडतेत, मी गाड्यांचं वेल्डिंग करते. वर्ग बंद करू नका बरं का, पुढच्या साली धाकट्या जावंला धाडते. फकस्त मला रागवायचात तसं तिला रागवू नका. ती उलटून बोलती.”