बिघाड नसलेले तीन डबे

माझं चष्म्याचं दुकान आणि मीटरताईचं दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही प्लायवूडची. त्यामुळे गेली सोळा वर्षं तिच्याकडे कुठली वस्तू आली, तिला काय झालं होतं आणि मालकाने ती कशी आपटली होती, हे सगळं मला बसल्या जागी कळतं. मीटरताई हे तिचं खरं नाव नव्हे. वस्तू समोर आली की तोंडातून शब्द काढण्याआधी ती मीटरच्या लाल-काळ्या सुया तिला टेकवते, म्हणून बाजाराने ठेवलेलं नाव. तिचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. ते गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि फळीवर लोकांचे चौतीस रेडिओ पडून होते. सगळ्यांना वाटलं, हे आता भंगारात जाणार. तिने सात महिन्यांत चौतीसच्या चौतीस बोलते करून ज्याचे त्याला घरपोच दिले, आणि मग वडिलांच्या स्टुलावर तीच बसायला लागली.

तिची एक सवय आहे. दुरुस्त झालेल्या वस्तूला ती दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधते आणि त्यावर बिघाड लिहिते. ‘कंडेन्सर फुगला होता.’ ‘पंख्यात झुरळ.’ एकदा एका वकीलसाहेबांच्या मिक्सरवर लिहिलं होतं, ‘काही नाही, प्लग नीट लावा.’ वकीलसाहेब महिनाभर या रस्त्याने फिरकले नाहीत.

तिच्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. अक्का जन्मापासून बहिरी आहे. एकुलती एक लेक दूरच्या शहरात नांदते. मायलेकींचं बोलणं हातांनी चालतं, त्यामुळे फोनवर एकमेकी दिसल्याशिवाय त्यांना बोलताच येत नाही. लिहून पाठवता येतं, पण अक्का म्हणायची (म्हणजे हातांनी दाखवायची) की लिहिलेल्यात लेक हसतेय की रडतेय ते कळत नाही. अक्काचं घर दोन उंच इमारतींच्या बेचक्यात, मोबाईलची रेंज आत येत नाही, आणि गुडघ्यांमुळे अक्काला जिना उतरवत नाही. म्हणून चार वर्षांपूर्वी मीटरताईने स्वतः पारखून इंटरनेटचे तीन पांढरे डबे आणून घरभर लावले. लाइन एका डब्यात यायची, तो बाकीच्या दोघांना द्यायचा. दिसायला साबणदाणीएवढे, पण काम चोख. ते इतके आवडले की तिने ओळखीच्या अकरा घरांत तसेच डबे बसवून दिले.

त्या मंगळवारी लाइनवाल्याने अक्काकडची जुनी तार काढून नवी टाकली. नव्या लाइनचं नाव आणि पासवर्ड डब्यांना सांगायला हवा होता. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे त्याने मागचं बारीक बटण दहा सेकंद दाबून धरलं. डबे कोरे झाले. पुढची पायरी ॲप उघडायची होती. ॲप उघडलं, थोडा वेळ गरगरलं आणि म्हणालं, ‘हे उत्पादन उपलब्ध नाही.’

लाइनवाला हात झटकून निघून गेला. मीटरताई डबे पिशवीत घालून दुकानात घेऊन आली.

“पावसापाण्यात बुडालेले टीव्ही जिवंत केलेत मी,” ती मला भिंतीपलीकडून म्हणाली, “हे काय मोठं!”

बुधवार गेला. तिने डबा उघडला, प्रत्येक ठिकाणी व्होल्टेज मोजलं, भिंगाखाली सोल्डरचे टाके तपासले. सगळं जिथल्या तिथे. दुसरा उघडला, तोही तसाच. संध्याकाळी तिने मला बोलावून बोर्ड दाखवला. “बघा, कुठे डाग आहे का? कुठे जळलंय का?” मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण बोर्ड खरंच नव्यासारखा लखलखीत होता. पुठ्ठ्याचा तुकडा दोरा बांधून तयार होता आणि पेन हातात. लिहायला काही नव्हतं.

गुरुवारी दुपारी तिने कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकत होतो.

“मॅडम, हे मॉडेल मागच्या महिन्यात बंद झालं.”

“बंद कुठे? माझ्यासमोर दिवा लागलाय त्याचा.”

“म्हणजे आमच्याकडून बंद केलं. त्याचं ॲप आता चालणार नाही.”

“मग ॲपशिवाय त्यात पासवर्ड कसा भरायचा, ते सांगा.”

“ॲपशिवाय होत नाही, मॅडम.”

“बरं. बिघाड काय आहे त्यात?”

“बिघाड काहीच नाही, मॅडम.”

मीटरताईने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. कोणीतरी भर रस्त्यात कानाखाली वाजवावी आणि का ते सांगू नये, तशी ती बघत होती.

“बिघाड नाही, आणि चालणार पण नाही?”

“नवीन मॉडेलवर सूट देऊ शकतो आम्ही.”

“ते किती वर्षं चालू ठेवणार?”

“ते मला नाही सांगता येणार.”

“तुझ्या घरी कुठला आहे गं?”

मुलीने आवाज एकदम खाली आणला. “हाच होता, ताई.” आणि फोन ठेवला.

एवढ्यावर कोणीही सोडून दिलं असतं. मीटरताई मात्र इरेला पेटली. बोर्डावर चार बारीक ठिपके होते, तिथून डब्याच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये शिरता येईल म्हणून तिने तारा जोडल्या, संगणक लावला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली तेव्हा तिने टाळीच वाजवली. मग अक्षरं थांबली आणि पासवर्ड विचारला गेला. तो फक्त कंपनीला ठाऊक. “माझा डबा,” ती म्हणाली, “आणि मलाच विचारतोय, तू कोण?”

शुक्रवारी सकाळी मी शटर वर करत होतो, तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाचीचा होता. भिंतीआडून मला सगळं स्पष्ट ऐकू आलं.

“मावशी, आई कुठेय? कालपासून लावतेय! आईला काही झालं का?”

“काही नाही गं, तिचं इंटरनेट…”

“मावशी, मला मुलगी झाली. काल दुपारी. तीन आठवडे आधीच. आईला सांगायला अकरा वेळा लावला मी.”

मी तिच्या दुकानात गेलो तर ती स्टुलावर नुसती बसून होती. दोन्ही हात मांडीवर, समोर तीन उघडे डबे. “काल दुपारी मी फोनवर संगीत ऐकत होते हो,” ती म्हणाली. “अक्का तिकडे भिंतीकडे तोंड करून बसलेली असणार. आणि मी इथे बिघाड शोधतेय. नसलेला.” मी जाऊन माझं शटर परत खाली ओढलं आणि तिचं ड्रिल मशीन उचललं.

माळ्यावर तिने फार जुना एक राऊटर ठेवलेला होता, दोन अँटेनांचा, पिवळा पडलेला. त्याला ॲपबिप काही नाही. तारेने संगणकाला जोडा, पान उघडतं, पासवर्ड भरा, झालं. फक्त त्याचा सिग्नल अक्काच्या खोलीपर्यंत पोचणार नव्हता. म्हणून आम्ही अक्काच्या घरी जाऊन भिंतीला दोन भोकं पाडली आणि तार थेट अक्काच्या खुर्चीपर्यंत ओढून टॅबलेटला जोडली. सगळं मिळून दीड तास. हे मंगळवारीच झालं असतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

अक्का भिंतीला पाठ लावून आमच्याकडे बघत होती. तीन दिवस ती झोपली नव्हती, हे डोळ्यांवरून कळत होतं. डबे बंद असले तरी मावशीकडे लेकीचा निरोपही नाही, म्हणजे तिने आपल्याला टाकलं, असं तिने मनाशी धरलं होतं. हे तिने नंतर सांगितलं.

पडद्यावर लेक आली. तिने कुशीतलं गाठोडं वर उचललं. अक्काने एकदम दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग ते हात खाली येईनात. लेक तिकडून एका हाताने काहीतरी सांगत होती, आणि इकडे आईला उत्तर द्यायला हातच मोकळे नव्हते. मीटरताईने जाऊन बहिणीचे हात हळूच तोंडावरून काढले.

पुढचा आठवडाभर मीटरताई दुकान अर्धा वेळ बंद ठेवून त्या अकरा घरांत फिरली. तिच्या शब्दावर डबे घेतलेली माणसं. “चालताहेत तोवर चालू देत,” ती प्रत्येकाला सांगायची, “मागचं बटण मात्र दाबू नका. दाबलंत तर संपलं.” दोघा-तिघांना वाटलं, बाई नवा माल खपवायला आली. एका घरी तर दारातूनच परत पाठवली. निवृत्त हेडमास्तरांनी तिला आत बसवलं, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि डब्याकडे बोट दाखवून विचारलं, “पण मी तो विकत घेतला होता ना?”

“मलाही तसंच वाटत होतं, सर.”

शनिवारी फिरून आल्यावर ती माझ्या दुकानात पाणी प्यायला थांबली. माझं डोळे तपासायचं यंत्र कोपऱ्यात असतं, दोन वर्षांपूर्वीच घेतलेलं. पेला हातात धरून ती त्याच्याकडे बघत राहिली.

“चष्मेवाले, हे सकाळी चालू कसं करता?”

“पासवर्ड टाकून.”

“तो कोणाकडे तपासला जातो?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, की इंटरनेट गेलेलं असलं की ते यंत्र सुरूच होत नाही, म्हणजे तो कंपनीकडेच तपासला जात असणार. दोन वर्षं मी रोज सकाळी त्याच्यासमोर उभा राहून चार आकडे टाकत होतो, आणि आत येऊ दे म्हणून थांबत होतो. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. मीटरताईने पेला खाली ठेवला, खिशातून पेचकस काढला आणि यंत्राच्या मागे जाऊन गुडघ्यावर बसली.