रंगानं बुजलेली नोझलं

लोहगडवाडीच्या रस्त्यावर दरड आली आणि सिव्हिल प्रशासनाच्या मदतीला आमच्या इंजिनीअर युनिटची तुकडी मावळात पाठवली, तेव्हा मी हवालदार होतो. आयुष्यभर सरहद्दीवर डोझरनं रस्ते उकरले, आणि नोकरीच्या शेवटाला हुकूम आला तो माझ्या औंढे गावाशेजारचा. पोरं चिडवायची, "ही ड्युटी नाही साहेब, तुमची सुट्टीच आहे."

माझ्याबरोबर नाईक संतोष गायकवाड होता. तो परंदवडीचा. घरी म्हातारी आई एकटी. घर एवढं जवळ, पण काम संपेपर्यंत जाणार नाही म्हणाला आणि गेला नाही.

आमचं रुटीन ठरलेलं. पहाटे मशीन धुवायचं, होस म्हणजे ऑइलचे रबरी पाइप तपासायचे, मग फोम सिस्टीम. लोकांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. एवढ्या मोठ्या मशीनला आग लागते ती बहुधा इंजिनात. ऑइलचा होस फुटतो, ऑइल तापलेल्या लोखंडावर उडतं आणि भडका होतो. त्यासाठी लाल सिलिंडरमध्ये फोम भरलेला असतो. खाली उभं राहून लिव्हर ओढला की तो पाइपातून इंजिनावर लावलेल्या नोझलांपर्यंत जातो आणि आग दाबतो. आमचं ड्रिल एकच होतं. आधी लिव्हर, मग माणूस. संतोष रोज प्रत्येक नोझलच्या तोंडावरून बोट फिरवायचा.

दरडीच्या दुसऱ्या टोकाला एका खासगी ठेकेदाराचा एक्स्कॅव्हेटर होता. पिवळाधमक, नुकताच रंगवलेला, बकेटवर झेंडूचा सुकलेला हार. त्यांचा सुपरवायझर इस्त्रीचा शर्ट घालून चिखलात उभा राहायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. पहिल्याच दिवशी त्यानं सिलिंडरवर थाप मारून आम्हाला ऐकवलं, "सिस्टीम आमच्याकडंही आहे बरं का भाऊ. इम्पोर्टेड."

चौथ्या दिवशी दुपारी त्या मशीनच्या इंजिनातून काळा धूर निघाला. आधीच एक दगड घरंगळून केबिनच्या दाराला टेकला होता, त्यामुळं ऑपरेटर आत अडकला. बाहेरगावचा माणूस, काचेवर नुसते हात आपटत होता. सुपरवायझर रस्त्याच्या वळणापर्यंत पळाला आणि तिथून ओरडू लागला, "कोणीतरी काहीतरी करा."

संतोष जवळ होता. धावत गेला आणि त्यानं लिव्हर ओढला. सिलिंडरचा सुस्कारा मला ऐकू आला. फोम सुटला असं त्यानं धरलं, मीही धरलं. तो ट्रॅकवर चढला, समोरची काच फोडली, ऑपरेटरला बखोटीला धरून बाहेर ओढलं आणि खाली ढकललं. तेवढ्यात मागं दुसरा होस फुटला आणि भडका संतोषच्या अंगावर आला.

मी वॉकीटॉकीवर बोललो, "बेस, आग. खासगी मशीन. फोम ओढला, फोम आला नाही. गायकवाड जळालाय. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"फोम का नाही आला? ओव्हर."

"माहीत नाही. ओव्हर."

विझल्यावर कळलं. खंडेनवमीला ह्या लोकांनी मशीनची पूजा केली होती. पूजेआधी धुऊन रंगवायची त्यांची रीत, दरवर्षी. स्प्रेगन घेतली आणि इंजिनासकट सगळं पिवळं केलं. नोझलांची तोंडं रंगाच्या थरांखाली बुजून गेली होती. सिलिंडर भरलेला, पाइप शाबूत, आणि फोम आतल्या आत कोंडला. सुपरवायझर म्हणाला, "दिसायला बरं दिसतं ना, म्हणून." शस्त्रपूजा आम्हीही करतो. हळदकुंकू लावतो, फूल वाहतो. पण रायफलच्या नळीत रंग ओतणारा गाढव मी पलटणीत पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात संतोष वारला. ऑपरेटर वाचला.

परंदवडीला ठेकेदारानं श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लावला. त्यावर संतोषच्या फोटोपेक्षा ठेकेदाराचा फोटो मोठा. आणि चौकशीत त्याच्याच सुपरवायझरनं सांगितलं, जवानानं घाई केली, सिस्टीमला वेळच दिला नाही. वळणावर उभं राहून ह्याला घाई दिसली! मी त्याच्यासमोर जबानी दिली आणि रंगानं बुजलेलं नोझल चौकशी करणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलं. तो नोझलाकडं बघेना. असल्या माणसाची मला किळस येते, आजही येते. पण संतोषनं घाई केली ही बातमी गावात पसरायची ती पसरली होतीच.

दहाव्याला मी संतोषच्या घरी गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"एक इचारू का?" ती म्हणाली. "समदे म्हंत्यात त्यानं घाई केली. त्याचं काय चुकलं व्हतं का?"

"न्हाई, मावशी. आदी लिव्हर ओढला, मंग माणूस काढला. जसं शिकवलं तसंच केलं त्यानं. चूक रंगवणाऱ्यांची."

तिनं दाराकडं बोट केलं.

"मंग हे मला कशाला सांगतो? मला ठावं हाय माझं लेकरू. भाईर जा आन् लोकास्नी सांग."

मी उठलो आणि बाहेर मांडवात बसलेल्या लोकांसमोर उभा राहिलो. ठेकेदार पुढच्याच खुर्चीत होता. नाईक संतोष गायकवाड, परंदवडी, अशी मी सुरुवात केली आणि सगळं सांगितलं. तेव्हापासून कुणी विचारो न विचारो, सांगतोच.