रुसव्याची खुर्ची

ईस्टरच्या जेवणाचं टेबल मांडलं, की पाहुणे यायच्या आधी आत्या प्रत्येक खुर्चीत एकदा बसून बघायची. वाट्या, पेले, फुलं सगळं जागच्या जागी लागलं की पदर खोचून पहिल्या खुर्चीत टेकायची, समोर बघायची, उठायची, दुसरीत बसायची. फुलदाणीआड कुणाचं तोंड झाकतंय का, कुणाच्या नाकासमोर मोरीचं दार येतंय, हे ती असं बसून ठरवायची. "उभ्यानं नुसतं टेबल दिसतंय गं," म्हणायची, "माणसाला काय दिसतंय ते बसल्याबिगर कळत न्हाय."

ती माझी सख्खी आत्या नव्हे. आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची, नर्स म्हणून निवृत्त झालेली. पण ईस्टरची पहाटेची उपासना संपली, की तिला शोधायचं तर आमच्याच घरात यायला लागायचं. टेबल म्हणजे तरी काय, आमचं चौघांचं डायनिंग टेबल, त्याला जोडून माझ्या शिलाईमशीनचं टेबल आणि उंची जुळावी म्हणून त्याखाली विटा. वर एकच लांब पांढरी चादर, कडक खळ घातलेली, कोपरे दवाखान्यातल्या खाटेसारखे दुमडलेले. खालच्या विटा कुणाच्या बापाला कळायच्या नाहीत.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ती ताटल्यांत गहू पेरायची. शेजारच्या काकू दरवर्षी हमखास विचारायच्या, "काय ओ नर्सबाई, उन्हाळ्यात घट बसवलासा व्हय?" आणि आत्याचं उत्तरही ठरलेलं, "व्हय की! तुमचं घट नऊ दिसांनी उठत्यात, आमचा येशू तिसऱ्या दिशी." दोघी खो खो हसायच्या. सणापर्यंत बोटभर हिरवंगार रान उगवायचं, त्यात बिटानं आणि हळदीनं रंगवलेली उकडलेली अंडी, आणि मध्ये निशिगंध. अशा पांढऱ्याशुभ्र चादरीवर मग मटणाचा तांबडा रस्सा यायचा. माझे बाबा म्हणायचे, "बाई, हे म्हणजे वैऱ्याला घरात घेणं झालं." सांडायचा तर सांडायचाच. सांडला की आत्या त्या डागावर एक फूल ठेवून द्यायची. डाग कुणी पाडला हे पाहुण्यांना कळू द्यायचं नाही, हा तिचा कायदा.

दुसरा कायदा खुर्चीचा. ज्याच्याशी आपलं बोलणं तुटलंय त्याला ईस्टरच्या जेवणाला बोलवायचं, आणि त्यासाठी एक खुर्ची राखून ठेवायची. आम्ही तिला रुसव्याची खुर्ची म्हणायचो. त्या खुर्चीत बसलेल्याला कुणी काही विचारायचं नाही, फक्त वाढायचं. बाबांचा मलकापूरचा चुलतभाऊ त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला होता आणि पुढे वर्षानुवर्षं मुक्कामालाच यायला लागला. तेव्हापासून आत्याची पक्की खात्री झाली होती, की नीट मांडलेल्या टेबलावर बसला की कुठलाही माणूस वळतो.

त्या खात्रीनंच माझा घात केला.

माझं लग्न ईस्टरनंतरच्या आठवड्यात ठरलं होतं. अविनाश शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होता. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारतात. दोन रविवार आमची नावं वाचली गेली. तिसरा झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा. त्याच्या आदल्या संध्याकाळी अविनाशचा फोन आला, लग्न नको. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी दुसऱ्या जोडप्याची नावं वाचली, आमची वगळली, आणि हातात झावळ्या घेतलेली सगळी मंडळी माना वळवून माझ्याकडे बघत राहिली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

त्या आठवड्यात मी आईशी बोलले नाही एवढं आत्याशी बोलले. तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. यंदा टेबल नको म्हटलं, तर म्हणाली, "गहू उगवून आलाय पोरी, त्याला काय सांगू?" मी म्हटलं, मांड तुला मांडायचं तर, पण त्या माणसाचं तोंड मला आयुष्यात बघायचं नाही. तिनं नुसता माझ्या केसांतून हात फिरवला.

ईस्टरच्या दुपारी बाबा प्रार्थना करणार एवढ्यात दारात अविनाश उभा! इस्त्रीचा शर्ट, मान खाली. आत्या उठली आणि तिनं रुसव्याची खुर्ची ओढली. ती नेमकी माझ्या समोर मांडलेली होती. बाबांचा चेहरा लालबुंद झाला, पण त्या खुर्चीला कुणी बोलायचं नसतं. आईनं त्याला वाढलं. रस्सा थोडा चादरीवर सांडला.

अविनाशनं घास उचललाच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत्या, पहिल्यांदा नावं वाचायच्या आधीच मी तुमच्याजवळ बोललोतो की, माझं मन न्हाय म्हणून. तुम्हीच म्हणलासा, कुणाला बोलू नको, मी बघतो. आता हे कशाला?"

म्हणजे दोन रविवार आमची नावं वाचली जात होती, मी नवी साडी नेसून मिरवत बसले होते, आणि माझ्या शेजारी माझा हात हातात घेऊन बसलेल्या हिला सगळं ठाऊक होतं! "वळंल वाटलं गं," आत्या पुटपुटली, "बसला की वळतोय माणूस." आणि बोलता बोलता तिच्या हातानं सवयीनं निशिगंधाचं एक फूल उचललं आणि सांडलेल्या रश्श्यावर ठेवलं. मी ते फूल उचलून भिरकावलं. दिसू दे म्हटलं सगळ्यांना डाग. अविनाश उठून गेला. त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही.

अविनाशवरचा राग पुढे विरून गेला. तो परका होता, त्याला मी नको होते, विषय संपला. पण आत्या माझी होती. परक्यानं मारलेलं माणूस विसरतं, आपल्या माणसानं केसांतून हात फिरवत फसवलेलं कसं विसरायचं?

ती जयसिंगपूरला भाच्याकडे राहायला गेली. टेबल मी मांडत राहिले. माझ्या हातांना दुसरी रीत येतच नव्हती, त्याला मी काय करू? तेच गहू, त्याच विटा, चादरीचे तसेच कोपरे. रुसव्याच्या खुर्चीत दरवर्षी कुणी ना कुणी बसायचं. शेवटी गेल्या वर्षी आई म्हणाली, "त्या खुर्चीवर कुणाचा हक्क आहे ते तुला ठाऊक आहे."

मी फोन केला. "आलो की गं," ती लगेच म्हणाली.

भाच्याच्या हाताला धरून आली. वाळून काटकी झाली होती. रुसव्याच्या खुर्चीत बसली, हात मांडीत घेऊन, एका चमच्यालासुद्धा बोट न लावता. जेवणं झाली, बाकीचे हात धुवायला गेले, तेव्हा मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारलं, "आत्या, त्या दिवशी सगळ्या खुर्च्यांत बसून बघितलं होतंस?"

ती ताटलीतला गहू कुरवाळत राहिली. "न्हाय गं," म्हणाली. "त्याच्याच खुर्चीत बसून बघितलं, लई येळ. तिथनं तू लई गोड दिसणार हुतीस."

"आणि माझ्या खुर्चीत?"

"तुझ्या खुर्चीत बसायचं ऱ्हायलं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण माफ केलं असं म्हणाले नाही. खोटं कशाला सांगू? थंडीत ती गेली. तरीही म्हणू शकत नाही.

या ईस्टरला टेबल मांडून झाल्यावर मी पदर खोचला आणि एकेका खुर्चीत बसून बघितलं. पण सुरुवात माझ्या खुर्चीपासून केली.